सायकलस्वाराला धडक बसली तर: पहिला कागद, दुखापत आणि भरपाईचा हक्क

सायकल चालवणाऱ्याकडे ना वाहन परवाना असतो, ना आरसी बुक, ना विम्याची पॉलिसी. त्यामुळे अपघात झाला की आपण कायद्याच्या हिशेबातच नाही, अशी त्याची आणि बहुतेक वेळा त्याच्या घरच्यांचीही समजूत असते, आणि धडक देणाऱ्याने जागेवर हातात ठेवलेल्या दोन-चार हजार रुपयांवर प्रकरण मिटवले जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ ची रचना मात्र नेमकी उलट आहे. पायडलची सायकल या कायद्याच्या व्याख्येत ‘मोटार वाहन’ ठरत नाही, म्हणून तिला विमा लागत नाही. पण तिला धडक देणारी मोटार, ट्रक किंवा दुचाकी रस्त्यावर आणायची तर कलम १४६ प्रमाणे विमा सक्तीचा आहे. हाच तो ‘थर्ड पार्टी’ विमा. वाहनमालक आणि विमा कंपनी हे करारातले दोन पक्ष, आणि ज्याच्यासाठी कायद्याने हा करार सक्तीचा केला तो तिसरा पक्ष म्हणजे पादचारी, सायकलस्वार, रस्त्यावरचा इतर कोणीही. एक रुपयाचाही हप्ता न भरता ज्याला या विम्याचे संरक्षण मिळते, त्यालाच त्याची खबर नसते.

हक्क असा पक्का असला, तरी तो रकमेच्या रूपाने हातात पडतो की नाही हे मोठ्या प्रमाणात अपघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत तयार होणाऱ्या कागदांवर ठरते. ते कागद लिहिणारे डॉक्टर आणि पोलीस पुढच्या दाव्याचा विचार करून लिहीत नसतात, आणि जखमी माणूस त्या वेळी विचार करण्याच्या अवस्थेत नसतो. म्हणून या विषयात कलमांइतकेच कागदांबद्दल बोलणे भाग आहे.

केस पेपरवरची एक ओळ

अपघात विभागात जखमीला आणल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, काय झाले? घाबरलेला भाऊ किंवा शेजारी सांगतो, ‘सायकलवरून पडला.’ यात खोटे काहीच नसते, कारण तो सायकलवरून पडलेलाच असतो. डॉक्टर केस पेपरवर ‘सायकलवरून स्वतः पडल्याचा इतिहास’ अशा अर्थाची एक ओळ इंग्रजीत लिहून उपचाराला लागतात. दोन वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर, म्हणजे जिथे भरपाईचा दावा चालतो तिथे, विमा कंपनीचे वकील तीच ओळ उलटतपासणीत वाचून दाखवतात आणि विचारतात की मोटारीचा उल्लेख पहिल्या कागदात का नाही. त्या ओळीने दावा संपतोच असे नाही, पण तिचा खुलासा करता करता साक्षीदार मेटाकुटीला येतात. काही वेळा नातेवाईक मुद्दामही असे सांगतात, कारण ‘अपघात’ म्हटले की पोलीस येतील आणि उपचाराला उशीर होईल अशी भीती असते. ही भीती निराधार आहे. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जखमीचा जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येत नाहीत. ते प्रकरणही एका स्कूटरस्वाराला मोटारीने ठोकरल्यानंतर रुग्णालयाने दाखल करून न घेतल्यामुळेच न्यायालयासमोर आले होते.

तेव्हा सांगायचे ते स्पष्ट सांगावे: कोणत्या वाहनाने, कोणत्या बाजूने, कुठे आणि किती वाजता धडक दिली, आणि नंबर माहीत असेल तर तोही. डॉक्टर त्याची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एमएलसी’, करतात आणि पोलीस ठाण्याला कळवतात. नोंद झाली का आणि तिचा क्रमांक काय, हे विचारून घेण्यात काहीही गैर नाही.

पोलीस ठाण्यात दुसरा कागद तयार होतो. भरधाव किंवा निष्काळजीपणे वाहन चालवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ आणि त्यातून दुखापत झाल्याबद्दल कलम १२५ लागते. अपघात दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाला म्हणून फिर्याद नाकारता येत नाही. ती ‘झिरो एफआयआर’ म्हणून नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते. फिर्यादीला उशीर झाला म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. रवी विरुद्ध बद्रीनारायण या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की माणूस आधी रुग्णालयात धावेल, पोलीस ठाण्यात नाही, आणि केवळ उशीर हा दावा फेटाळण्याचा आधार होऊ शकत नाही. उशीर समजावून सांगता येतो. ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असे लिहून दिलेला जबाब समजावून सांगणे मात्र अवघड जाते. समोरचा गयावया करतो, तोही मध्यमवर्गीय नोकरदार असतो, आणि आपल्याला त्याची दया येते. अशा वेळी एवढे ध्यानात ठेवावे की पुढे भरपाई बहुधा त्याच्या खिशातून नव्हे, विमा कंपनीकडून जायची असते.

२०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी तपास अधिकाऱ्यावरही मुदती घातल्या आहेत. अपघाताची खबर मिळाल्यापासून ४८ तासांत त्याने पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा असतो, जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा छापील नमुना द्यायचा असतो, आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल सादर करायचा असतो. हा सविस्तर अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरण्याची सोय कायद्यात आहे. प्रत्यक्षात सगळीकडे हे वेळेवर होते असा अनुभव नाही, म्हणून अहवालाची प्रत लेखी अर्ज करून मागत राहावी.

उपचाराचा खर्च

‘गोल्डन अवर’मधील, म्हणजे अपघातानंतरच्या पहिल्या तासातील, उपचारांसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६२ खाली केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित केली. मोटार वाहनामुळे अपघात झालेल्या व्यक्तीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत १.५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार या योजनेत मिळतात, आणि जखमी सायकलस्वारालाही ती लागू आहे. उचलून आणणाऱ्या वाटसरूला कलम १३४अ चे संरक्षण आहे: त्याला नाव-पत्ता देण्याची, साक्षीदार होण्याची किंवा रुग्णालयात पैसे भरण्याची सक्ती करता येत नाही. तरीही तो स्वखुशीने मोबाइल क्रमांक देत असेल तर तो जपून ठेवावा, कारण रस्त्यावरचा त्रयस्थ साक्षीदार नंतर शोधून सापडत नाही.

ज्यांच्याकडे स्वतःचा मेडिक्लेम आहे त्यांना एक शंका हमखास येते: बिल तिकडून मिळाले, आता न्यायाधिकरणाकडे वैद्यकीय खर्च मागता येईल का? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये निर्वाळा दिला की मेडिक्लेमची रक्कम जखमीने स्वतः हप्ते भरून कमावलेली असते, त्यामुळे ती मोटार अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाही. म्हणून मूळ बिले मेडिक्लेमकडे देण्याआधी त्यांच्या प्रती प्रमाणित करून घ्याव्यात.

दुखापत उशिरा कळते तेव्हा

सायकलवरून पडताना माणूस सहजप्रवृत्तीने हात पुढे करतो आणि अंगाचा सगळा भार तळहातावर येतो. तो धक्का मनगटातून खांद्याकडे चढतो, म्हणून कॉलरबोन मोडणे आणि मनगटाचे हाड मोडणे या सायकलस्वारांच्या अगदी ठरलेल्या दुखापती आहेत. कॉलरबोन मोडल्याचे बहुधा लगेच दिसते. मनगटातले स्कॅफॉइड नावाचे लहानसे हाड मात्र फसवे असते. अंगठा ताठ केल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो त्याच्या तळाशी हे हाड असते. त्याला गेलेली चीर पहिल्या एक्स-रेमध्ये न दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून त्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर डॉक्टर हात प्लास्टरमध्ये ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात किंवा एमआरआय सुचवतात. मुका मार समजून दुर्लक्ष केले तर या हाडाचा रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने ते जुळत नाही, त्याचा एक भाग निर्जीव होतो आणि मनगटाची पकड कायमची कमी होते.

कायद्याच्या दृष्टीनेही ही चीर महत्त्वाची आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ‘गंभीर दुखापती’चे जे प्रकार दिले आहेत त्यांत हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे हा एक आहे, तसेच ज्या दुखापतीने माणूस १५ दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा आपले नेहमीचे व्यवहार करू शकत नाही, तीही गंभीर ठरते. पुढे ज्या ठरावीक रकमांची चर्चा आहे त्या गंभीर दुखापतीलाच मिळतात. पहिल्या दिवशी ‘मुका मार’ लिहिले गेले आणि पंधराव्या दिवशी हाड मोडल्याचे निघाले, तर तो दुसरा अहवाल पोलिसांच्या कागदपत्रांत पोहोचवणे हे जखमीच्या घरच्यांनाच करावे लागते. रुग्णालयाकडून तो आपोआप जात नाही.

डोक्याला मार लागला असेल तर पहिले एक-दोन दिवस कोणीतरी सोबत असावे. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ किंवा डोळ्यांच्या दोन बाहुल्यांच्या आकारात फरक दिसला तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. मुलांच्या बाबतीत हँडलचे टोक पोटात रुतल्याची तक्रार कधीही हलकी घेऊ नये. वर फक्त एक गोल वळ दिसतो आणि आत प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते. खरचटलेल्या जागेतली माती-खडी नीट धुऊन काढणे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेणे हे सर्वांना माहीत आहे.

जपून ठेवायच्या वस्तू

मोडलेली सायकल लगेच दुरुस्तीला टाकू नये आणि तडकलेले हेल्मेट फेकून देऊ नये. धडक मागून बसली की बाजूने, हे मागच्या चाकाचा वाक आणि फ्रेमवरचा रंगाचा ओरखडा सांगतात. पंचनाम्यात त्यांची नोंद झाली पाहिजे, आणि सायकलची किंमतही दाव्यात मागता येते. आजूबाजूच्या दुकानांचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, तेव्हा ते ताब्यात घेण्याची विनंती पोलिसांना तारीख घालून लेखी करावी. सायकल-संगणकाची किंवा मोबाइलमधल्या ॲपची नोंद वेग, जागा आणि वेळ दाखवते. ती न्यायाधिकरणासमोर दाखल करायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. वाहनाचा नंबर हाती असेल तर त्याचा विमा कोणत्या कंपनीचा आहे आणि तो चालू आहे का, हे सरकारी एमपरिवहन ॲपवर कळू शकते.

न्यायाधिकरण आणि हिशेब

भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली करायचा असतो. तो अपघात झाला त्या जिल्ह्यातच केला पाहिजे असे नाही; अर्जदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथेही करता येतो. पुण्याच्या माणसाला कोकणात अपघात झाला तर प्रत्येक तारखेला कोकणात जायची गरज नाही. चालकाची चूक दाखवावी लागते, पण फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही; कोणती बाजू अधिक संभवनीय आहे एवढेच पाहिले जाते.

मुदतीबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. १९९४ च्या दुरुस्तीने काढून टाकलेली मुदत २०१९ च्या दुरुस्तीने परत आणली, आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट लागू आहे. या अटीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण न्यायालयाच्या निकालाच्या भरवशावर स्वतःचा अर्ज लांबवणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

कोणाची चूक हा प्रश्नच न काढता मिळणारी ठरावीक भरपाई कलम १६४ मध्ये आहे: मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये. रक्कम लवकर मिळण्याची शक्यता असल्याने ती आकर्षक वाटते. पण इथे एक मेख आहे. कलम १४९ च्या, म्हणजे विमा कंपनीशी तडजोडीच्या, प्रक्रियेतून कलम १६४ ची ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा आपोआप संपुष्टात येतो. ज्याला कायमचे अपंगत्व येण्याची शक्यता आहे त्याने हिशेब न करता सही करू नये.

हिशेब कसा होतो, ते पाहू. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले की डॉक्टरांनी दिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाई बुडण्याची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेल्या माणसाचे शारीरिक अपंगत्व ६० टक्के धरले, तरी तो सुतार किंवा वाहनचालक असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के बुडते. तोच सरकारी कार्यालयात कारकून असेल तर नोकरी टिकून राहू शकते. म्हणून दाव्यात ‘हात मोडला’ एवढे लिहून भागत नाही. त्या हाताने आपण काय काम करत होतो आणि आता नेमके काय करता येत नाही, हे साक्षीत आले पाहिजे.

समजा, ३४ वर्षांचा एक स्वतंत्र व्यवसाय करणारा सुतार सायकलने कामावर जात असताना टेम्पोने धडक दिली आणि त्याच्या उजव्या मनगटाची पकड कायमची कमी झाली. महिन्याची कमाई २०,००० रुपये सिद्ध झाली. प्रणय सेठी प्रकरणातील २०१७ च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीच्या उत्पन्नात पुढील वाढीसाठी ४० टक्के मिळवतात, म्हणजे २८,००० रुपये. वर्षाचे झाले ३,३६,००० रुपये. न्यायाधिकरणाने कमाईची हानी २० टक्के धरली तर वर्षाची हानी ६७,२०० रुपये. सरला वर्मा प्रकरणातील २००९ च्या निकालाने वयाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या हानीला ज्याने गुणायचे ते आकडे, ठरवून दिले आहेत. ३१ ते ३५ वयासाठी तो १६ आहे. म्हणजे भविष्यातील कमाईच्या हानीपोटी १०,७५,२०० रुपये. यात वैद्यकीय खर्च, घरी बसून काढलेल्या महिन्यांची बुडालेली मजुरी, मदतनीस, खास आहार, येण्या-जाण्याचा खर्च, वेदना आणि आयुष्यातील आनंद हिरावल्याबद्दलची रक्कम वेगळी मिळवायची असते, आणि सर्वांवर अर्जाच्या तारखेपासून व्याज देता येते. जागेवर घेतलेले दोन-चार हजार आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहावे.

त्या सुताराकडे आयकर विवरणपत्र नसेल, तर कमाई सिद्ध कशी करायची? बँक पासबुकातील जमा, यूपीआयच्या नोंदी, ज्यांच्याकडे काम केले त्यांची साक्ष, आणि काहीच नसेल तर त्या कामासाठी सरकारने अधिसूचित केलेले किमान वेतन, असे मार्ग आहेत. अपंगत्वाचा दाखला उपचार पूर्ण झाल्यावर जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाकडून घ्यावा, आणि तो हाताचा आहे की संपूर्ण शरीराचा हे त्यावर स्पष्ट लिहून घ्यावे. या एका शब्दावर पुढे बराच वाद होतो.

चालकाकडे परवाना नव्हता म्हणून विमा कंपनी जबाबदारी झटकू पाहते, तेव्हा स्वर्णसिंग प्रकरणापासून न्यायालये साधारणपणे असा आदेश देतात की कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. एसटीच्या बाबतीत महामंडळ स्वतःच भरपाई देते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

‘वाहनाच्या वापरातून’ झालेला अपघात म्हणजे केवळ धावत्या वाहनाची धडक नव्हे. सातारा जिल्ह्यात १९८७ साली महामार्गालगत उलटलेल्या पेट्रोलच्या टँकरचा काही तासांनी स्फोट होऊन माणसे दगावली, तेव्हा टँकर चालू नव्हता. तरीही शिवाजी दयानू पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो वाहनाच्या वापरातून झालेला अपघात मानला. त्यामुळे रात्री दिव्याविना रस्त्यात उभ्या केलेल्या ट्रॉलीवर आदळलेला किंवा अचानक उघडलेल्या मोटारीच्या दारावर आपटलेला सायकलस्वारही याच न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो.

सायकलस्वाराची स्वतःची चूक

विमा कंपनीचा हुकमी बचाव म्हणजे सायकलस्वारही निष्काळजी होता. हे सिद्ध झाले तर त्याच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कापली जाते. पण नियम मोडणे आणि अपघाताला कारण होणे यांत फरक आहे. मोहम्मद सिद्दीक प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दुचाकीवर तिघे बसले होते एवढ्यावरून सहभागी निष्काळजीपणा ठरत नाही; त्या कृत्याचा अपघाताशी किंवा इजेशी कार्यकारण संबंध दाखवावा लागतो. हेल्मेटचेही असेच आहे. कलम १२९ ची सक्ती मोटारसायकलला आहे, पायडलच्या सायकलला नाही, आणि कॉलरबोन मोडलेल्याला ‘हेल्मेट का नव्हते’ हा प्रश्न गैरलागू आहे. तरीही हेल्मेट घालावे, कारण ते दाव्यासाठी नसून डोक्यासाठी असते.

रात्री दिव्याविना जाणे, उलट दिशेने येणे, किंवा जिथे सायकलला बंदीच आहे अशा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अथवा वांद्रे-वरळी सागरी सेतूवर शिरणे, या गोष्टी मात्र कार्यकारण संबंधात सहज बसतात. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, उभ्या मोटारींपासून दार उघडेल इतके अंतर, आणि डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या किंवा बसच्या डाव्या बाजूला कधीही न घुसणे, या तीन सवयी मी हेल्मेटच्याही आधी ठेवीन. ट्रकचालकाला त्या कोपऱ्यातले अक्षरशः दिसत नाही. पावसाळ्यात रंगवलेले पट्टे, मॅनहोलची लोखंडी झाकणे आणि सांडलेले तेल यांवरून जाताना वळू नये आणि ब्रेकही दाबू नये. सिंहगडासारख्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरण्यापेक्षा थोडा थोडा दाबत, वळणाच्या आधीच वेग उतरवावा.

वाहन पळून गेले, किंवा वाहन नव्हतेच

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर कलम १६१ खालची योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून तिच्यात मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर महसूल खात्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार पातळीवर जातो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. या योजनेचा लाभ फार थोडे लोक घेतात हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये आदेश दिला की महिनाभरात वाहनाचा माग लागला नाही तर पोलिसांनी जखमीला किंवा मृताच्या वारसांना या योजनेची माहिती लेखी द्यावी. रक्कम तुटपुंजी आहे, हे मान्यच करावे लागेल.

खड्ड्यात पडून झालेल्या अपघातात मोटार वाहनच नसते, म्हणून मोटार अपघात न्यायाधिकरणाचा मार्ग बंद होतो. दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो. मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांबाबत स्वतःहून दाखल केलेल्या जनहित याचिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेला आदेश त्यामुळे मोलाचा आहे. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमीला दुखापतीच्या स्वरूपाप्रमाणे ५०,००० ते २.५ लाख रुपये द्यावेत, त्यासाठी महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्यासारख्यांच्या समित्या असाव्यात, आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी व ठेकेदार यांच्याकडून वसूल करावी, असे त्यात म्हटले आहे. इथेही केस पेपरचा तोच नियम लागतो: ‘स्वतः पडला’ हे खरे असले तरी अपुरे आहे, आणि ‘अमुक चौकातील खड्ड्यात पुढचे चाक अडकून पडला’ असे लिहिले गेले पाहिजे. खड्ड्याचे छायाचित्र त्याच दिवशी काढावे, शेजारी एखादी पट्टी किंवा बाटली ठेवून खोली दिसेल असे. अपघातानंतर खड्डा बुजवण्याचे काम आश्चर्यकारक वेगाने होते.

शर्यत आणि सही केलेला नमुना

महाराष्ट्रात आता सायकल शर्यती आणि ब्रेवे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, बऱ्याच होतात. ब्रेवेमध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात आणि रात्री दिवे व चकाकणारे जाकीट सक्तीचे असते. अशा प्रत्येक ठिकाणी नाव नोंदवताना ‘अपघाताची जबाबदारी माझी स्वतःची’ अशा मजकुरावर सही घेतली जाते, आणि जखमी झाल्यावर तीच सही पुढे केली जाते. तिचा अर्थ मर्यादित आहे. वेगाने उतरताना तोल जाणे, शेजारच्या स्पर्धकाचे चाक लागणे, असे त्या खेळातच असलेले धोके खेळाडूने पत्करलेले असतात आणि त्याबद्दल आयोजकाला जबाबदार धरता येत नाही. वाहतूक बंद ठेवतो असे सांगून ती न रोखणे, जाहीर केलेली रुग्णवाहिका प्रत्यक्षात नसणे, धोक्याच्या वळणावर माणूस न ठेवणे, हे खेळाचे अंगभूत धोके नव्हेत, आयोजकाचा निष्काळजीपणा आहे. प्रवेशशुल्क भरलेले असेल तर सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. शिवाय ती सही आयोजकाला दिलेली असते. शर्यतीत घुसलेल्या मोटारीच्या मालकाशी किंवा त्याच्या विमा कंपनीशी तिचा काही संबंध नाही, आणि त्यांच्याविरुद्धचा कलम १६६ चा दावा शाबूत राहतो. सही करण्याआधी त्या नमुन्याचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि स्पर्धकांचा अपघात विमा आयोजकांनी उतरवला आहे का, तो किती रकमेचा आहे आणि त्याचा पॉलिसी क्रमांक काय, हे ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे.